यंदाचा कडू मसाला

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांना हात लावते. मी मजेत आहे, उगाच काळजी करू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? तेल लावतेस ना, की बाटली नुसती कोनाड्यात?

इथे पानगळ सुरू झालीय. या दिवसांतली सुपं, भाजलेला भोपळा, सगळ्याला मालकीणबाईंना माझ्याच हातचा मसाला लागतो. म्हणून दरवर्षी माझी रजा पुढे जाते. "तू गेलीस तर मसाला कोण करणार गं?" असं इतकं गोड विचारतात की भांडताही येत नाही. स्वयंपाकघराची खिडकी रंगाने चिकटून बसलीय, उघडतच नाही. धणे-मिरी भाजली की वास थेट माझ्या अंथरुणात येऊन झोपतो.

यंदा मी मेथी मुद्दाम काळी होईपर्यंत भाजली. तू इथे असतीस तर उलथनंच मारलं असतंस. म्हटलं, मसाला कडूजहर होईल, बाई चिडतील आणि म्हणतील, जा एकदाची घरी. बॅगसुद्धा पलंगाखालून काढून ठेवली होती.

बाईंनी सूप चाखलं, डोळे मिटले. "अगं, काय वेगळीच चव आलीय! आता दरवर्षी असाच कर."

हस, हस. मीही हसले. मग तोंड धुऊन आले.

घरी माझ्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन ठेवलंय, असं दादा म्हणाला. राहू दे, तिला तिथे उजेड मिळेल. फक्त माझी कॉट काढू नका, आई.

तुझी,
धाकटी