ब्रेकचं रबर

ती. बाबांस,
राजूरहून शीलाचा जयभीम.

मी बरी आहे. सोमवारी उतारावर कोळशाच्या ट्रकमागं माझ्या जुन्या सायकलचा ब्रेक लागलाच नाही. मी नालीत उडी मारली. कोपर तेवढं खरचटलं.

मेकॅनिक म्हणे, "रबर पुरं झिजलं, ताई. अन् ही जेन्ट्स सायकल तुमाले उंच होते. पाय टेकत नाही." म्हणून बुटकी लेडीज सायकल घेतली. तरी मांगून हॉर्न वाजला का मी उतरून उभी राह्यते.

कपाशीवर अळी आहे म्हणता. औषध आणाले तुम्ही बाभुळगावले सायकलनंच जात असाल. आधी तुमच्या सायकलच्या ब्रेकचं रबर बदला, तोवर पायी जा.

बदललं का ते आईले लिहाले सांगा. मले घोर नको म्हणून तुम्ही खोटं लिहिता.

तुमची लेक,
शीला