हिरवळीत दाबलेलं बी

फ्लिंडर्स बेट
एप्रिल

प्रिय नोरीन,

मी बरा आहे. मटण, बटाटे सगळं मिळतं. पाठही दुखत नाही.

आपल्या दक्षिणेकडचा उन्हाळा सरला, पण माती अजून कोमट आहे, म्हणून मालकांच्या बंगल्यापुढच्या विरळ हिरवळीत बी पेरून घेतलं. आधी गवत अगदी बुडापर्यंत कापलं, दाताळ्यानं माती खरवडली, मग निम्मं बी उभं फेकलं, निम्मं आडवं. अंधार पडला, तेव्हा पायांनी दाबायचं सकाळवर ठेवलं.

सकाळी अर्धी हिरवळ दाबलेली होती. आपण आपल्या लेकीला, टिलीला शिकवलं तशीच, अनवाणी, पावलाला पाऊल लावून. ठसे लहान होते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, तिची चढते तशी. या टोकाला दुसरं घर नाही.

सामान आणणारा मर्व्ह ठसे बघून हसला. "वॉलबी असेल रे, बुटकं कांगारू नाचून गेलं असेल. नाहीतर बायको समुद्रापलीकडे म्हणून तूच नाचत असशील!"

आता दोन आठवड्यांनी तेवढ्याच भागात गवत दाट उगवलंय.

टिली जेवते ना नीट? रात्री झोपेत उठत नाही ना? हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी ती जागी व्हायच्या आत तिचे तळवे बघ. माती दिसली तर तिला काही विचारू नकोस, फक्त मला कळव.

तुम्हा दोघींचा,
डेस