खुडूक

६ फेब्रुवारी
आलो एकदाचे! सामान उतरवताना कपाटाचा पाय मोडला, तरी आज कुणावर चिडावंसं वाटत नाही. दोन खोल्यांत संसार केलेल्या बाईला अंगण मिळालं की तिचं काय होतं, ते तिलाच ठाऊक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोंबड्यांचं खुराडं दिसतं, त्याला लागून गोठा, मागे विहीर. आधीच्या मालकाने कोंबड्या, एक शेळी आणि तिचं करडू आमच्याच गळ्यात टाकलंय. आमचे हे बस कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने झाली, त्यामुळे बसणं म्हणून यांना माहीत नाही. माझं सामान आत येईतो यांनी खुराड्याचं दार बसवूनसुद्धा टाकलं. मी म्हटलं, शेवटचा थांबा आला, आता टेका जरा. ऐकतील तर शपथ.

१४ फेब्रुवारी
दिवस कसा जातो कळत नाही. दाणे टाका, पाणी बदला, ओला पेंढा काढा, अंडी गोळा करा. काळी कोंबडी खुडूक बसली आहे. पलीकडच्या मळ्यातली शेजारीण येऊन सगळं समजावून गेली. खुडूक म्हणजे अंडी उबवायचं वेड. एकदा लागलं की कोंबडी जागची हलत नाही, खाणंपिणं सुटतं, हात लावला की फुगते आणि टोचते. पिल्लं हवी असतील तर खाली अंडी ठेवायची, नको असतील तर तिचं पोट गार पाण्यात बुडवायचं, म्हणजे वेड उतरतं. आम्हाला पिल्लं हवीतच. यांना म्हटलं, बसावं कसं ते हिच्याकडून शिका. हे हसले आणि कुंपणाचे खांब रोवायला निघून गेले.

१९ फेब्रुवारी
खांबासाठी खणताना यांना मातीत एक अंडं सापडलं. बदकाच्या अंड्यापेक्षा मोठं, राखाडी, आणि चक्क कोमट. उन्हाने तापलं असेल, असं यांचं म्हणणं. कमरेएवढ्या खड्ड्यात कुठलं आलंय ऊन, पण मी वाद घातला नाही. शेजारणीने दाखवलं होतं तसं दिव्यासमोर धरून पाहिलं. चांगल्या अंड्यात लाल शिरा दिसतात, यात काहीच दिसेना, नुसता मिट्ट काळोख. फेकून द्या म्हटलं. पण यांना काही टाकवत नाही, फुटक्या बटणापासून सगळं जपून ठेवतात. शेवटी गंमत म्हणून काळीच्या पोटाखाली सरकवलं. बघू तरी काय निघतं ते.

२६ फेब्रुवारी
काळीने स्वतःची सगळी अंडी घरट्याबाहेर ढकलून दिली. फुटून पडली होती, आत पिल्लांचे डोळेसुद्धा आले होते. मला गलबलून आलं. ती मात्र त्या एकट्या अंड्यावर पंख पसरून बसली आहे. दाणे चोचीशी नेले, तिने मान फिरवली.

३ मार्च
काळी मेली. उचलली तर हाताला वजनच लागेना, आत काही उरलंच नव्हतं. अंडं तिच्याखाली गरम होतं. मोठंही झालं आहे का? हे म्हणतात, काहीतरीच.

दुपारी शेळी सापडेना. शेवटी खुराड्यातच दिसली, पाय दुमडून त्या अंड्यावर बसलेली. दार केवढंसं, आत शिरताना पाठ सोलवटली होती. करडू बाहेर ओरडतंय, आचळ दुधाने तटतटलंय, आणि ही ढुंकून बघत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते हसले, शेळ्या खुडूक बसत नाहीत म्हणाले.

८ मार्च
शेळीची हाडं दिसायला लागली, तेव्हा यांनी अंडं तिच्याखालून ओढून काढलं. मी म्हटलं, विहिरीत टाका. शेळी तिथेच धडपडत उठली आणि बादलीभर पाणी प्यायली. करडाला जवळ घेतलं. मला एवढं हायसं वाटलं की रडूच आलं.

हे परतले ते सदऱ्याच्या आत हात घालून. गार पडत होतं म्हणाले.

११ मार्च
हे गोठ्यात बसले आहेत. उकिडवे, दोन्ही हात मांड्यांखाली. आयुष्यात कधी बसले नाहीत, आणि आता उठत नाहीत. आधी मी चेष्टा केली. मग हाताला धरून ओढलं, तर घशातून असा काही आवाज काढला की मी मागे सरले.

१३ मार्च
पाणी ओठांशी नेते, मान फिरवतात. डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या. थरथरले, पण हलले नाहीत. माझ्याकडे बघतात, पण ओळख नाही.

शेजारीण मदतीला आली. यांना उठवताना तिचा हात अंड्याला लागला आणि तिथेच राहिला. किती वेळ राहिला. मग एकदम पळाली. लांबून ओरडून म्हणाली, मला परत बोलावू नका.

दवाखान्यात, नातेवाइकांना फोन केले. उद्या येतो म्हणतात सगळे.

१४ मार्च
कुणी आलं नाही. ओठ फाटलेत. दंड माझ्या मुठीत मावतो—

शेळी उठली होती. काढून घेतलं की उठतात. मलाच काढलं पाहिजे. हातांना फडकी गुंडाळून, टोपलीत घालून, थेट विहिरीत. एवढंच तर आहे.

१५ मार्च
काढलं. यांना कुशीवर ढकललं आणि काढलं. नुसती हाडं, लगेच कलंडले. मी टोपली घेऊन विहिरीपर्यंत गेले. टोपली आडवी केली— आत काहीतरी हललं. हळूच. गार पडत होतं.

परत आणलं. जरा वेळ. ऊब आली की टाकते.

दुपार
हे शुद्धीवर आले. माझ्या नावाने हाक मारली, किती दिवसांनी. डोळे यांचेच आहेत आता. पाणी मागतायत. तांब्या माझ्या शेजारीच आहे, भरलेला.

देते म्हटलं.

संध्याकाळ
अजून मागतायत. आवाज फुटत नाही, ओठ हलतात नुसते. हात लांब केला तर तांब्याला लागेल, पण हात काढला की त्या बाजूने वारा—

अहो, देते हो. या अंगाची ऊब तेवढी धरू द्या, मग लगेच उ