रेघ मागून येते

४ मार्च
झालं! वहिनीचं स्टुडिओतलं मशीन घरी आलं — म्हणजे मशीन तिकडेच, मी सांभाळतो त्या सर्व्हरच्या खोलीत. घरी फक्त एक डबा, स्क्रीन आणि तिचं चित्रं काढायचं पेन. डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत झोपून राहायला सांगितलंय, पण कार्टून फिल्ममधल्या म्हातारीचा सीन काही ती सोडत नाही. मी माउस फिरवून बघितला. लोण्यासारखा चालतोय! हुशार आहेच मी. आई दारातूनच म्हणाली, "त्या डब्याला मी हात लावायची नाही बाबा."

५ मार्च
हुशारी गेली चुलीत. माउसने तपासलं, पेन हातात धरलंच नाही! आणि मशीन कोणासाठी? चित्रकारासाठी!
"भाऊजी, हात इथे पोचतो आणि रेघ मागून चालत येते. दाबा नाहीतर उचला, जाडी तेवढीच!"
तिकडचं मशीन पेनाला माउसच समजतंय. दाब कळणार कुठून?

७ मार्च
डायरेक्टरबाईंचा फोन. "सोमवारपर्यंत सीन आला नाही तर दुसऱ्या कुणाला देते. तिला आराम करू दे." मी सांगितलं तशी वहिनी भिंतीकडे बघत पडून राहिली. फार वाईट वाटलं. त्या म्हातारीवर तिचा जीव आहे, कारण ती म्हातारी म्हणजे आमची आईच! तसाच कमरेवर हात, तसंच नाक. हे फक्त मला आणि वहिनीलाच माहीत. आई दूध घेऊन आली की ही टक लावून बघते. "काय गं, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

८ मार्च
दिवसभर सर्व्हरच्या खोलीत कुडकुडलो. ग्राफिक्स कार्डाचा एक वाटा वहिनीच्या मशीनला दिला — इतके दिवस बिचारं त्याच्याविनाच चित्रं ओढत होतं. पेन आता पेन म्हणूनच तिकडे पोचतंय. ऐटीत घरी फोन केला, तर वहिनी वैतागलेली!
"काय केलंत भाऊजी? सगळ्या रेघा पुढे पळतायत! कालचंच बरं होतं."
रेघ मागून येते म्हणून बाईसाहेबांनी आधीच पुढचा अंदाज धरून हात फिरवायची सवय लावून घेतली होती! मग जुनंच परत लावू का, म्हटलं.
"खबरदार!"

९ मार्च
सवय मोडली. म्हातारी हसली! पापणीची रेघ बारीक सुरू होते, मध्ये जाड होते, टोकाला विरते. वहिनीच्या डोळ्यांत पाणी. मीही उगाच नाक शिंकरलं. दादा आपला, "जेवायला चला."

१० मार्च
सीन पास!! बाईंनी फोनवर विचारलं, "अशी म्हातारी कुठे सापडली गं तुला?"
"सुचली अशीच," वहिनी म्हणाली. आई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर केली नाही.

१३ मार्च
पहाटे मुलगी झाली! दोघी ठणठणीत. दादा दवाखान्यात. घरी फक्त आई, बाळाचे कपडे न्यायला आलेली. मी स्टुडिओत वहिनीचं मशीन बंद करायला गेलो — तर तिच्या सीनवर पेन फिरतंय!
म्हातारीचं नाक हळूहळू लहान होत होतं.