मंगलची मोडलेली हळद

७ जुलै, सोमवार

कॉलेजचा पहिलाच दिवस आणि सरांनी मला शोधून काढलं. वर्गात येऊन विचारलं — तुमच्यात ती मुख्यमंत्री कोण? सगळे हसले. हसायला काय झालं! त्यांच्याही शाळेत मंत्रिमंडळ असणारच. मुख्याध्यापक राज्यपाल होऊन शपथ देतात, आरोग्यमंत्र्यानं पोरांची नखं बघायची, पाणीमंत्र्यानं टाकी झाकायची आणि मुख्यमंत्र्यानं पाहुण्यांना गुलाब द्यायचा. मी गुलाबावर थांबले असते तर बरं झालं असतं.

सरांना मी एनएसएसला हवी आहे ती त्या बातमीमुळे. 'दहावीच्या विद्यार्थिनीने रोखला मैत्रिणीचा बालविवाह.' बातमी दोन वर्षांची झाली, पण अजून चालते आहे. मैत्रिणीचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही.

१० जुलै

आईला सांगितलं, सर भाषण कर म्हणतायत. ती भाकरी थापत होती. "आजून फिटली न्हाई व्हय हौस?" म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तिचंही खरं आहे. वाडीत तिला अजून हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पेपरात फोटो माझा आला, वाण तिचं बंद झालं.

२ ऑगस्ट

पाऊस, एसटी नाही, कॉलेज बुडालं. आज लिहूनच टाकते.

दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा. सुटल्यावर मंगल शाळेच्या नळावर तोंड धूत बसली. किती वेळ धूत होती! मी हात धरून उठवलं, तर रडत होती. "लगीन ठरलंय माजं," म्हणाली. एवढंच. मोड म्हणाली नाही, होऊ दे म्हणाली नाही. रडणारी पोरगी आणखी काय सांगणार, असं मीच धरून चालले. आणि नळाच्या वर भिंतीवर मदतीचा नंबर — १०९८. निळ्या रंगात, माझ्याच हातानं रंगवलेला. मंत्रिमंडळाचा उपक्रम!

फोन मी केला. ग्रामसेवक आणि पोलीस आले तोवर तिला हळद लागली होती. तिच्या वडिलांनी, गोरखकाकांनी, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं आणि मांडव उतरवला. मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहायची लाज वाटते. फार मोठी झाले होते मी, स्वतःच्या मनात.

गोरखकाकांनी शब्द मात्र पाळला. अठरापर्यंत लग्न केलं नाही. पुढं अकरावीलाही पाठवलं नाही! म्हशी, भातलावणी, परत म्हशी. अंगाला हळद लागून मोडलेली पोरगी म्हटल्यावर चांगलं स्थळ येईना. यंदा अठरा भरली आणि उत्रोलीला बिजवराला दिली. पहिली बायको वारलेली, वयानं चांगलाच मोठा. सगळं कायद्यात बसतं. त्यासाठी कुठला नंबर भिंतीवर लिहीत नाहीत.

३ ऑगस्ट

राग नक्की कुणाचा येतो ते ठरेना. तूर्तास बातमीवाल्याचा धरते.

२२ सप्टेंबर

सरांनी भाषण वाचलं. छान म्हणाले, फक्त शेवट गोड कर. ती मुलगी आता काय शिकते ते सांग. मी म्हटलं, सर, ती शिकत नाही, तिचं लग्न झालं. सरांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मग पोलीस येतात तिथंच संपव."

२४ सप्टेंबर, बुधवार

पोलीस येतात तिथंच संपवलं. टाळ्या. फलकावर 'रणरागिणी' वगैरे. शाल, नारळ.

मग पहिल्या रांगेतली शेफाली उठली. चांगली मुलगी आहे, मनापासून विचारत होती — ती आता काय करते? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, शिकते. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात!

आईनं नारळाची चटणी केली. खोबरं गोड निघालं म्हणाली. मी माझी वाटी तिच्याकडं सरकवली.

११ ऑक्टोबर

मंगल दिसली.

भोरच्या स्टँडवर, दिवाळीची पिशवी घेऊन उभी. बरोबर तिची नणंद प्रगती — नववीतली, शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, हातात भेळेचा पुडा. मला पळून जावंसं वाटलं. पण प्रगतीनं मला पाहिलं आणि वहिनीला विचारलं, "वैनी, ह्याच का त्या?"

"हीच," मंगल म्हणाली. म्हणजे त्यांच्या घरात माझं नाव निघतं. शिव्यांबरोबरच निघत असणार.

मी काहीतरी बडबडले — कशी आहेस, दिवाळीला वाडीत येणार का. तिनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"तू मुख्यमंत्री झालीस, पेपरात आलीस. म्या काय झाले? पुसलं न्हवतंस मला, नूतन. येकदा तरी इचारायचं. अंगाची हळद निघत न्हवती. आय घासायची आन् रडायची."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर उत्रोलीची गाडी लागली. प्रगतीनं चढताना वळून बघितलं. पोरगी भेळ खायची विसरली होती. मंगलनं काही वळून पाहिलं नाही.

मी विचारलं असतं आणि ती 'होऊ दे' म्हणाली असती तर? तर मी फोन केला नसता का? केलाच असता. मला करायचाच होता. हे आज कळतंय आणि याचं आता काय करायचं ते कळत नाही.

१४ ऑक्टोबर

सरांना सांगितलं, हिवाळी शिबिरात माझं भाषण ठेवू नका. सर म्हणाले, एवढा विनय बरा नव्हे. विनय!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मंगल माहेरी आलेली नाही. आक्काबाई, तिची आई, ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होती. मला पाहून आत गेली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. मंगल! गोठ्यातून बोलत होती, आवाज दबलेला.

"प्रगतीचं लगीन काढलंय. तुळशीचं झालं की लगीच. पंधरा बी पुरी न्हाईत तिला."

मी म्हटलं, मी करते फोन, आत्ता करते.

"तू न्हाई. म्या करनार. पोरीला पुसलंय म्या, समोर बसवून. नगं म्हनती. तू निस्ता नंबर सांग, त्यो भितीवरचा."

मी सांगितला. तिनं दोनदा म्हणून दाखवला. मग विचारलं —

"हळद लागायच्या आत येत्यात न्हवं?"

येतात, मी म्हणाले. आत्ताच लाव.