न्यायमूर्तींची पेन्सिल

गुरुवार, १४ जून १९५१. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. ज्यूरीच्या खोलीत खिडकीशी बसून चाकूनं पेन्सिलीला टोक काढतोय.

खटल्याविषयी कुणाशी बोलायचं नाही, असा हुकूम आहे. वही म्हणजे कुणी नव्हे — असं धरून चालतो.

आम्ही बारा जण. मी सातवा. वखारीत लाकडाची मापं लिहिणारा, सहावीत शाळा सोडलेला — आणि माझ्या शब्दावर माणसाचा गळा! बाराही जण 'दोषी' म्हणाले तर क्लेम गॅरिटीला फाशी. त्यानं भागीदाराला, ऑसी व्हेलला, लोकरीच्या शेडमध्ये कोंडून, आग लावून मारलं म्हणे. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं. गॅरिटीचा हात भाजलेला. आता न्यायमूर्ती एल्डरशॉ दोन्ही बाजूंचा पुरावा आमच्यापुढे पुन्हा मांडणार. एक शब्द सुटता कामा नये. तीन पेन्सिली तयार.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

किती न्यायी माणूस! मी घड्याळ लावून बसलो होतो. सरकारी बाजूला बेचाळीस मिनिटं, गॅरिटीच्या बाजूलाही बेचाळीस. आवाज तोच. "मानायचं की नाही ते सर्वस्वी तुमच्या हाती, गृहस्थहो" — दोन्हीकडे हेच वाक्य. फक्त गॅरिटीची बाजू सुरू करताना त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली, कागदाला समांतर. दमले असतील. जीव हलका झाला.

शुक्रवार, सकाळी साडेसात.

टिपणं उघडली. सरकारी बाजू — साडेचार पानं. गॅरिटीची — कोरी! मी लिहीत होतो. मला आठवतंय मी लिहीत होतो!

शुक्रवार, दहा वाजता.

सगळ्यांचे कागद मागून पाहिले. बाराही जण तिथेच थांबलेले — सरकारी बाजूच्या शेवटच्या वाक्याशी. न्यायमूर्तींनी पेन्सिल खाली ठेवली, तिथे.

"गॅरिटीच्या बाजूनं काय सांगितलं, कुणाला आठवतंय?" मी विचारलं. सगळे आपापले कागद उलटून पाहू लागले. साक्षी तर आम्ही स्वतः ऐकल्या होत्या! मी आठवू पाहिलं. मलाही काही आठवेना.

मग आमचे प्रमुख, खाटीक प्लंकेट, हसले. "अरे पोरा, लिहिण्याजोगं काही असतं तर बारांतल्या एकानं तरी लिहिलं असतं ना?"

"माझ्या गाई चार दिवस परक्या हाताला दूध देतायत," आमच्यातला व्हिक म्हणाला. "हात वर करा नि सुटा!"

'दोषी'साठी अकरा हात वर गेले.

"पुन्हा ऐकू या," मी म्हणालो. "आणि न्यायमूर्तींना सांगू, की पेन्सिल हातात—"

"घ्या! आता हा न्यायमूर्तींना पेन्सिल धरायला शिकवणार!" मागून कुणीतरी म्हणालं.

हसले सगळे. पण पुन्हा ऐकायच्या विनंतीची चिठ्ठी प्लंकेटनी पाठवली. पेन्सिलीचं गाळून.

शुक्रवार, संध्याकाळ.

कोर्टात जाण्याआधी बुटाची नाडी सोडली आणि पेन्सिल बोटांना बांधली.

न्यायमूर्ती सौजन्यानं म्हणाले, "हवं तितक्या वेळा सांगेन." गॅरिटीची बाजू सुरू करताना पेन्सिल खाली ठेवली. आणि माझ्या दोन्ही बाजूंना — टक्. टक्. टक्. अकरा पेन्सिली खाली. एकानंही खाली पाहिलं नाही.

माझा हात शिशासारखा जड झाला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. नाडी बोटांत रुतली. बेचाळीस मिनिटांत एवढंच लिहिता आलं, वाकडंतिकडं, पण शुद्ध:

'मिसेस टोवी, दूधवाली. आग सहाला लागली. सहा वाजून पाच मिनिटांनी गॅरिटी ओढ्यावर दिसला, शेडपासून दोन मैल. धूर पाहून धावला. हात दार उघडताना भाजला.'

शनिवार, १६ जून.

तेवढं मोठ्यानं वाचलं. व्हिकनं टोपी काढली. "अरे देवा! ती रडली होती की रे, साक्ष देताना... मी कसा विसरलो?" मग एकेकाला आठवू लागलं. प्लंकेट खिडकीकडे तोंड करून बसले.

दुपारी तीनला — निर्दोष.

न्यायमूर्तींनी आमचे मनापासून आभार मानले. चेहरा अगदी स्वच्छ. पेन्सिलीनं काय केलं, ते त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं! त्याचीच जास्त भीती वाटली.

मंगळवार, २६ जून.

वखारीत सहा फळ्या कमी भरल्या. जुना बर्ट म्हणतो, नव्या इटालियन हमालानं नेल्या. साल्वातोरे म्हणतो, नाही. मालक म्हणाले, "तू ज्यूरीवाला ना? तूच ठरव बाबा." दोघांना दहा-दहा मिनिटं दिली, घड्याळ लावून. आवाज चढवला नाही. निकाल दिला. साल्वातोरे वळकटी उचलून चारच्या गाडीनं गेला.

आत्ता कागद पाहिला. बर्टचं म्हणणं दीड पान. त्याखाली 'साल्वातोरे' — नाव शुद्ध लिहिलंय. पुढे कोरं.

पेन्सिल शेजारी आहे. कागदाला समांतर.