खंडेनवमीला थांबवलेले कारखाने

आबा, त्या गेमबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही भट्टी सांभाळायचात ती फौंड्री बंद पडून वर्ष होत आलं होतं, आणि माझ्या डिप्लोमासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरसमोर तुम्हीच ठाण मांडून बसायचात. आधी मला रागच यायचा. लोखंडाची खाण लावायची, वीज उभी करायची, कारखान्यातून रणगाडे काढायचे आणि शत्रूवर सोडायचे, असा तो खेळ. मी धडाधड रणगाडे काढायला लावायचे. मग लोखंड संपायचं, वीज कमी पडायची आणि अर्धे कारखाने नुसते उभे. तुमच्या हातात माऊस आला की खाणीतून निघेल तेवढंच काम. एक कारखाना उपाशी नाही, एक फुकट धडधडत नाही. तयार झालेले रणगाडे मात्र तुम्ही लढाईला धाडत नव्हता. ते फाटकाशी रांगेत उभे. पाठवा की आता, असं म्हटलं तर म्हणायचात, "आपली माणसं हैत ती." अशानं कोण जिंकतं? पण त्या दिवसांत तुम्ही पुन्हा रोज दाढी करायला लागला होता, आणि आईला तेवढं पुरे होतं.

त्यातच शिरोलीच्या एका फौंड्रीतून भट्टीवर देखरेखीसाठी बोलावणं आलं. दसरा झाला की येतो, असं तुम्ही कळवलंत. आईनं लगेच जोतिबाला नारळ बोलला.

खंडेनवमीला सकाळी तुम्ही मॉनिटरला हळदकुंकू लावलंत, झेंडूची माळ घातलीत. त्यात नवल नाही, आपल्याकडे सायकललाही घालतात. पण मग तुम्ही गेममधले कारखानेही एकेक करून बंद केलेत. मला हसू आवरेना. गेमच थांबवून ठेवा म्हटलं, तर म्हणालात, कारखाना थांबवता येतो, वेळ कशी थांबवणार. उद्या दसऱ्याला सगळं परत चालू करायचं होतं तुम्हाला.

दुपारी शत्रू येतो. फाटकावरचे रणगाडे एकेक करून संपताहेत, मागून नवा येत नाही, आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलाय. एक तरी कारखाना चालू करा, म्हणून मी तुमचा दंड हलवते.

"आज यंत्राला हात लावायचा न्हाय," तुम्ही म्हणता. शेवटची खाण जळून जाते, तेव्हा पडद्याकडेच बघत म्हणता, "आमची भट्टी बी अशीच पूजेला थांबवल्याली. दसरा झाला की पेटवू म्हणालं मालक, पेटलीच न्हाय. मीच इझवली की ती."

हे तुम्ही घरात कधी बोलला नव्हता.

दसरा झाला. शिरोलीला तुम्ही गेला नाहीत. दाढी वाढली, जेवण कमी झालं, आणि पुढची खंडेनवमी तुम्ही बघितली नाही. डॉक्टर छातीचं दुखणं म्हणाले, आई अजून दृष्ट लागली म्हणते. मला दोन्ही पटत नाही. खरं सांगायचं तर मला तुमचा राग येतो, आबा. घरात आम्ही जिवंत माणसं होतो की.

आता मी स्वतः एका कारखान्यात मालाचा पुरवठा बघते. खंडेनवमीला आमच्याकडंही सगळं बंद, पूजा, पेढे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील टेबलाच्या खणात. पण एक सांगते. पूजेला सगळे जमतात तेव्हा मागच्या शेडमधला एक कॉम्प्रेसर मी दरवर्षी चालूच ठेवते. कुणी विचारलं तर विसरले म्हणते.